गार की गारा

रिठदमधल्या आमच्या वस्तीचा रस्ता कागदावर दोनदा झाला, जमिनीवर एकदाही नाही. तिसऱ्यांदा खडी पडली तेव्हा मी पेढे आणायला निघालो होतो. अडवलं ते लिलाबाईंनी.

लिलाबाईंनी खदानीवर एकोणतीस वर्षं दगड फोडला. शाळा चौथीपर्यंत, पण दगड हातात घेतला की त्याचं खानदान सांगतात.

ढिगात अर्धी खडी पांढरी. ठेकेदाराचा मुकादम सतीश म्हणाला, "गार हाय ते. काळ्या दगडाहून कडक. मिक्सर येऊन राह्यला, बाजूले व्हा."

आपल्याकडे पांढरं दिसलं की गार म्हणतात, मीही तेच धरून चाललो. गार म्हणजे क्वार्ट्झ, लोखंडाला दाद देत नाही, एवढं पुस्तकात वाचलेलं. पण तपासायचं डोक्यात आलं नाही.

लिलाबाई मिक्सरच्या वाटेतच ढिगावर बसल्या. विळ्याच्या टोकानं खडा ओरखडला. पांढरी भुकटी पडली.

"काहो सतीशभाऊ, गारेवर विळा चालते?"

"तुमी काय इंजिनेर लागून गेल्या काय?"

"नाई ना. म्हणून तर दगडाले विचारून राह्यली."

त्यांच्या सुनेनं, मंजुषानं, संडास धुवायचं अ‍ॅसिड आणलं. थेंब पडताच खडा फसफसला.

"गारच असन बाप्पा," लिलाबाई म्हणाल्या. "आभायातून पडते ते! पानी लागलं का इरघळते."

वस्ती खो खो हसली. सतीशचा चेहरा उतरला.

फेस आला म्हणून दगड वाईट ठरत नाही. पृथ्वीच्या कवचात सिलिकेटचं घराणं सगळ्यात मोठं. आपला काळा दगड त्यातलाच, गारही त्याच गोतातली. फसफसतात ते कार्बोनेटवाले. त्यातला पक्का चुनखडक रस्त्यालाही चालतो. पण हा माल गार नव्हता, आणि टाचेखाली त्याचा चुरा होत होता. खदानीचा वरचा सडका थर आमच्या माथी मारत होते.

सतीशनं फोन लावला. "सायेब, बाई उठत नाई."

"अन् उठनारबी नाई, सांगा त्यायले," लिलाबाई म्हणाल्या.

उन्हं कलली तरी त्या तिथंच. शेवटी मिक्सर परत गेला, टिप्परनं ढीग उचलला.

दुसऱ्या दिवशी काळी खडी आली. लिलाबाई हातोडी घेऊन हजर. खण्ण वाजलं की मान हलवायच्या. एक दगड भद्द वाजला, तो त्यांनी पायानं सरकवला. सतीशनं मुकाट्यानं उचलून टिप्परमध्ये टाकला.