कांजीची फडकी

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. कुणाचा ना कुणाचा खोटेपणा उघडा पाडणारी ती पत्रकं बाबा लिहायचे, मेहकरहून छापून आणायचे, आणि मी अमडापूरच्या बाजारात वाटायचे. अक्षरंही मी त्यांवरच शिकले. पीएच.डी.साठी प्रयोगशाळेतल्या त्या खोलीत शिरले तेव्हा वाटलं होतं, इथे तरी खोटं बोलायची कुणाला गरज पडणार नाही.

खोली लहान, खिडकीला काळा कागद. बाहेरचा उजेड चालत नाही म्हणून दार बंद, टेबल हलू नये म्हणून पंखाही बंद. लेझरचा लाल किरण सिलिकॉनच्या आरशासारख्या तुकड्यावर तिरपा पडतो आणि परतताना थोडा बदलतो. तुकड्यावरून पॉलिमर मिसळलेलं पाणी सोडलं की त्याच्या लांब साखळ्या पृष्ठभागाला चिकटत जातात आणि संगणकावरची रेघ चढते. मग शुद्ध पाणी सोडायचं. रेघ उतरली तर साखळ्या सुटल्या. माझी कधी पुरती उतरली नाही. साखळी शंभर ठिकाणी धरलेली असते. एक जागा सुटेपर्यंत दुसरी पुन्हा चिकटते. तीन उन्हाळे घामाघूम होऊन मी हेच बघत बसले.

प्रबंध द्यायला महिना उरला असताना एक खटकणारी गोष्ट पुन्हा करून पाहिली. पॉलिमर न घालता नुसतं पाणी सोडलं. रेघ तरीही हलली. आजवर ती हालचाल उपकरणाची खोड समजून मी वजा करत आले होते. पाणी बदललं, नळ्या बदलल्या. उरली फडकी.

तुकडे फुंकून वाळवायचं नायट्रोजनचं सिलिंडर कधीचं रिकामं होतं, म्हणून धुतलेले तुकडे मी बाबांच्या जुन्या सदऱ्याच्या फडक्यांनी टिपायचे. फडकी माझ्या प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या कोटाबरोबर दर रविवारी घरी धुतली जायची. ती कडक यायची, मी हातांनी चोळून मऊ करायचे. आमच्याकडे धुतलेलं पांढरं कापड म्हणजे कडकच. त्यात मला वेगळं काही वाटलंच नाही. आता आयोडीनचा थेंब टाकला. फडकं निळंकाळं झालं. स्टार्च ओळखायची ही खूण शाळेतली पोरंही सांगतील.

घरी जाऊन आईला विचारलं.

"तुह्या कोटाले कांजी लागते न, मंग त्याच पाण्यात फडकी बी," ती म्हणाली. "बाबाचे सभेचे कपडे कडक, अन् तुही फडकी लुळी? काऊन वं, डाग पडले काय?"

"नाही," मी म्हटलं.

सोमवारी माझ्या मार्गदर्शक सरांना फडकं दाखवलं.

"वजा केलंयस ना? मग झालं."

"सर, प्रत्येक फडक्यात कांजी सारखी नव्हती. किती वजा करू?"

"पत्रकं वाटायची सवय काही जात नाही तुझी." ते हसले. "पुन्हा सगळं मोजायचं म्हणजे वर्ष जाईल. बसशील या भट्टीत? घरी काय सांगशील?"

शेवटचा प्रश्न बरोबर जागी लागला. बाबांनी माझ्या पदवीचं पत्रक लिहून ठेवलं होतं. फक्त तारखेची जागा कोरी होती. आणि फडक्यांचं काही बिघडलं नाही असं आईला मी आधीच खोटं सांगून बसले होते.

मी प्रबंधातली दोन प्रकरणं काढली. सर म्हणाले, आता सही तेव्हाच मिळेल जेव्हा सगळं नव्याने मोजून होईल. रविवारी घरी कारण सांगितलं तेव्हा बाबांनी पत्रक घडी करून पेटीत ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "बरं केलं." आई उठून कांजीचं पातेलं घासायला बसली.

नवीन, कांजी न लागलेल्या कापडाने टिपलेल्या तुकड्यावर शुद्ध पाणी सोडलं की रेघ आता सरळ जाते. ती सरळ जाताना मी रोज बघते. दार बंद, पंखा बंद. फडकी धुवायला घरी पाठवत नाही. कोट मात्र जातो, आणि त्या रविवारपासून तो लुळा, चुरगळलेला परत येतो. कोट कांजीचा असला तरी चालतो, हे आईला सांगायला दर रविवारी तोंड उघडते, आणि तो तसाच पिशवीत घालते.