लॉयडच्या गाडीचं छप्पर

माझ्या दारातल्या तुतीखाली एक घडीची खुर्ची कायम उघडी असते. ती माझी नाही, समोरच्या लॉयड टॅकेटची आहे. त्याचं घर रस्त्यापलीकडे, गॅरेज रस्त्यापलीकडे, बायको रस्त्यापलीकडे आणि खुर्ची मात्र माझ्या दारात. कारण त्याला स्वतःची गाडी लांबून बघायची असते. जवळून नुसते पत्रे दिसतात म्हणे, रूप दिसायला रस्ता ओलांडावा लागतो. रोज संध्याकाळी हा माणूस येतो, बसतो, एक डोळा मिटतो आणि गाडी न्याहाळत राहतो. नोरीनने, म्हणजे त्याच्या बायकोने, एकदा मला विचारलं होतं, "ओपल, माझ्याकडे हा असं शेवटचं कधी बघत होता, तुला आठवतं का गं?" मला काही आठवलं नाही.

लॉयडचा धंदा एसी दुरुस्तीचा. बेकर्सफील्डच्या उन्हाळ्यात देवाच्या खालोखाल त्याचा मान. जुलैत कुणाचा एसी बंद पडला तर लोक पाद्रीबुवांच्या आधी लॉयडला फोन करतात. त्याच्या स्वतःच्या घरातला एसी मात्र म्हाताऱ्या बैलासारखा धापा टाकतो. तो दुरुस्त करायला लॉयडला सवड नाही, कारण गाडीच्या मागच्या दिव्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

ही गाडी म्हणजे एकतीस सालची फोर्ड, दोन माणसांची. लॉयडला ती बदामाच्या बागेतल्या एका मोडक्या गोठ्यात सापडली. आत कोंबड्या नांदत होत्या. तेव्हा त्याची लेक डीना सहा वर्षांची होती. तिने सीटच्या खड्ड्यात हात घातला आणि अंडं काढलं. लॉयडला इतका आनंद झाला की त्याने तिथल्या तिथे तिला शब्द दिला, "तुझ्या लग्नाला चर्चच्या दारात तुला हिच्यातूनच उतरवीन." डीनाने तो शब्द मनात जपून ठेवला. लॉयडने गाडी गॅरेजात ठेवली.

आमच्याकडे अशा गाडीचा हॉट रॉड करतात. म्हणजे जुन्या गाडीचे निम्मे अवयव काढून टाकायचे, उरलेलं ठेंगणं करायचं, आत दांडगं इंजिन बसवायचं आणि मग सगळं सत्तर वर्षांपूर्वीच्या पोरांनी केलंय असं दिसलं पाहिजे. पंचावन्न सालानंतरचा एक स्क्रू जरी सापडला तरी बाटलात. लॉयडची गाडी चालायला लागून बरीच वर्षं झाली, तरी तिचं काम काही संपत नव्हतं. मी तीस वर्षं शाळेची बस चालवली आहे. माझ्या लेखी गाडी सुरू झाली, वळली आणि थांबली की झाली. हे मी लॉयडला सांगितलं तेव्हा त्याने माझ्याकडे कीव येऊन पाहिलं.

"अगं, चालणारी गाडी कुणीही करेल," तो म्हणाला. "बसणारी गाडी करायला नजर लागते."

बसणारी म्हणजे नाक जमिनीला टेकलेली आणि ढुंगण वर असलेली. ते नाक किती टेकवायचं यात दोन हिवाळे गेले. चाकं आधी लाल झाली, मग दुधी, मग काळी, मग परत लाल, पण आता "जुनी लाल". पुढचे दिवे बोटभर खाली आले आणि अर्धं बोट वर गेले. आरशासारखा चमकणारा काळा रंग त्याने मोठ्या हौसेने मारून घेतला. आठवड्याभराने खुर्चीत बसला, डोळा मिटला आणि म्हणाला, "फार नवी दिसते." दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर घेऊन सगळी चमक घासून काढली. दारावर शर्यतीचा एक्केचाळीस नंबर पांढऱ्याने रंगवला आणि वाळल्याबरोबर तोही निम्मा पुसला. खिडकीच्या कडेला, जिथे चालवणाऱ्याचं कोपर टेकतं, तिथला रंग उडेपर्यंत घासला.

"कुणाचं कोपर?" नोरीनने विचारलं.

"असंच, कुणाचं तरी. पन्नास सालच्या पोराचं."

"त्या पोराला सांग, आपल्या न्हाणीघराचा नळ गळतोय."

दर शनिवारी सकाळी गावातली सगळी हॉट रॉडवाली मंडळी डोनटच्या दुकानासमोर गाड्या लावून उभी राहतात. कुणीच काही बोलत नाही. तिथे कौतुक करणं असभ्य समजतात. खरा मान बस्टर ओडमला. ऐंशीकडे झुकलेला, दातात काडी, आणि हातातला डोनट संपेपर्यंत एका गाडीला एकच शब्द देणारा. "दिवे," असं बस्टर म्हणाला की त्या माणसाचं त्या महिन्याचं जेवण गोड लागत नाही. लॉयडच्या गाडीला त्याने आजवर "टायर", "मूठ" आणि "रेघ" असे शब्द दिले होते. लॉयडने प्रत्येक शब्द शिरसावंद्य मानून तो तो अवयव उपटला. बस्टरने एकदा तरी "जमली" म्हणावं, एवढीच त्या जिवाची भूक होती.

या वसंतात डीनाचं लग्न ठरलं. ती फ्रेस्नोला नोकरी करते. फोनवर तिने आधी तारीख सांगितली आणि लगेच विचारलं, "बाबा, गाडी तयार असेल ना?"

"कधीचीच तयार आहे," लॉयड म्हणाला. नोरीनच्या सांगण्याप्रमाणे त्याचे डोळे भरून आले होते.

त्याच्या पुढच्याच शनिवारी बस्टर गाडीभोवती फिरला, काडी इकडची तिकडे केली आणि म्हणाला, "उंच."

झालं. लॉयडने करवत काढली. छप्पर उतरवायचं म्हणजे खिडक्यांच्या मधले खांब कापायचे, मधली पट्टी काढून टाकायची आणि टोपी खाली आणून परत जोडायची. त्याने आधी तीन इंच काढलं. खुर्चीत बसला. मग आणखी दीड काढलं. खिडक्या टपालपेटीच्या फटीएवढ्या उरल्या. मला कबूल करायला आवडत नाही, पण माझ्या तुतीखालून गाडी दिसायची मात्र सुरेख.

"आत बसायचं कसं रे?" मी विचारलं.

"माझी सीट काढून टाकली. जमिनीवर घोंगडी घातली की झालं."

"आणि शेजारच्या सीटचं?"

"ती निघत नाही. तिच्याखाली बॅटरी लपवलीय. बॅटरी दिसली की सगळी शोभा जाते."

"डीना तुझ्याएवढी उंच आहे, लॉयड. कुणाला तरी बसवून बघ. मला बसव."

"तू बुटकी आहेस," तो म्हणाला. "आणि तिला काय, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे."

लग्नाच्या आधीच्या आठवड्यात त्याने इंजिनाचा पंखाही काढला. इंजिनाच्या बाजूचे पत्रे त्याने आधीच काढले होते, त्यामुळे तो पंखा डोळ्यात खुपत होता. गावाला गार हवा पुरवणारा हा माणूस स्वतःच्या गाडीचा पंखा काढून बसला. मी म्हणाले, "इंजिन तापेल."

"चालत्या गाडीला वारा लागतोच की."

"आणि थांबलेल्या?"

"थांबायचं कशाला?"

नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे तर मोत्यासाठी नाकच कापलं होतं.

लग्नाचा दिवस जूनमधला शेवटचा शनिवार. डांबर चपलेला चिकटत होतं. डीना पायऱ्यांवरून उतरली तेव्हा मी रस्त्याच्या मध्यात उभी होते, आणि खरं सांगते, मला गलबलून आलं. केस वर बांधलेले, त्यात पांढरी फुलं. लॉयड सुटाबुटात गाडीचं दार धरून उभा होता. तो गाडीच्या लाल चाकावरची धूळ रुमालाने टिपत होता.

डीना वाकली, आत शिरली आणि तिथेच अडकली.

"बाबा, माझं डोकं."

"जरा पुढे सरक."

"पुढे सरकले तर गुडघे लागतात."

"मग मान थोडी तिरकी कर. हां, अशी."

ती गाल खांद्याला टेकवून बसली. छपराला दाबून दोन फुलं तिच्या मांडीवर पडली. त्या फटीतून तिने आमच्याकडे पाहिलं, नोरीनकडे, माझ्याकडे. मग बाहेर आली आणि केसांना हात लावून बघितला.

"बाबा, कुणाला बसवून बघितलं होतंस का तू?"

"रस्त्यापलीकडून झकास दिसत होती गं," तो म्हणाला.

नोरीन काहीतरी जोरात बोलणार होती, पण डीनाने तिच्या हातावर हात ठेवला. "असू दे. व्हॅनने जाऊ. तिच्यात एसी तरी आहे. बाबा, चल, तू चालव."

लॉयडची कामाची व्हॅन बाजूला उभी होती, टपावर शिडी, आत तांब्याच्या नळ्या. त्याने व्हॅनकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. त्या दोन क्षणांत त्याला शहाणं व्हायला भरपूर जागा होती.

"असं करा," तो म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. ओपल चालवेल. मी हिला घेऊन मागोमाग आलोच. चर्चच्या दारात तुझा हिच्यापाशी फोटो तरी होईल. बस्टर आणि सगळी मंडळी तिथे येऊन थांबलीत."

"बरं," डीना म्हणाली. सहा वर्षांची असताना, गोठ्यातलं ते अंडं मला दाखवायला आणताना फुटलं तेव्हा, तिने हाच आवाज काढला होता.

मी व्हॅन काढली. रेल्वे फाटक ओलांडलं आणि आरशात पाहिलं, तर आमच्यामागे दांडे खाली येत होते आणि त्यांच्यापलीकडे ती ठेंगणी काळी गाडी थांबली होती. तेलाच्या टाक्यांची मालगाडी आली. आमच्याकडची मालगाडी संपत नाही, फक्त कधीतरी पुढे जाते.

"मावशी, दिसतोय का बाबा?" डीनाने विचारलं.

"फाटक पडलंय. येईल गं."

चर्चमध्ये आम्ही थांबलो. बाहेर बस्टर आणि मंडळी सावलीत उभी होती. पाद्रीबुवांनी एकदा घड्याळ पाहिलं, मग दुसऱ्यांदा पाहिलं. आमच्यानंतर दुसरं लग्न होतं आणि त्यांची फुलं दारात येऊन पडली होती. लॉयडला फोन लावला तर तो व्हॅनमध्येच वाजला. सुटाच्या खिशाचा आकार बिघडू नये म्हणून त्याने तो तिथे ठेवला होता.

नोरीन उठली. "चल, मी येते तुझ्याबरोबर."

"नको आई. तू जाऊन बस," डीना म्हणाली. "मी जाते."

आणि बाप हात धरून नवरीला वेदीपर्यंत नेतो, त्या मधल्या वाटेने ती एकटी गेली.

मंगलाष्टकं संपली म्हणावं तसं सगळं आटोपलं, नवरानवरी पायऱ्यांवर आली, आणि वरातीमागून घोडं आलं. घोड्याच्या नाकातोंडातून वाफ निघत होती. लॉयड आतून हातापायांवर रांगत बाहेर पडला. पांढऱ्या शर्टावर गंजक्या पाण्याचे ओघळ, हाताला भाजलेलं. फाटकाशी इंजिन उकळलं होतं आणि कुणाच्या तरी अंगणातल्या नळीने त्याने पाणी भरलं होतं. निम्मे पाहुणे नवरीला सोडून गाडीचे फोटो काढायला धावले. बस्टर सावकाश आला. त्याने त्या वाफेभोवती एक फेरी मारली आणि दातातली काडी काढली. ती त्याने कधी काढलेली मी पाहिली नव्हती.

"जमली," तो म्हणाला.

लॉयडने वळूनसुद्धा पाहिलं नाही. तो पायऱ्यांवर डीनाला शोधत होता. ती नवऱ्याचा हात धरून दुसऱ्या मोटारीत बसत होती. तिने बापाला हात केला, हसलीही. पोरगी गुणाची आहे. मी तिच्या जागी असते तर हसले नसते.

चार दिवस खुर्ची रिकामी होती. मला वाटलं, आता घडी करून आत ठेवावी. पाचव्या दिवशी लॉयड रस्ता ओलांडून आला, बसला आणि सवयीने एक डोळा मिटला. मी झाडांना पाणी घालत होते. मी त्याच्याकडे पाठ केली. मला त्याचा राग होता, अजून आहे.

तो म्हणाला, "ओपल, चर्चमध्ये तू पुढेच बसली होतीस ना?"

"हो."

"मधून चालत येताना... कशी दिसत होती ती?"

मी नळ बंद केला. त्याला बरं वाटेल असं काही बोलावं, असं एकदा मनात आलं. पण मला खोटं बोलता येत नाही, आणि त्या दिवशी गरजही नव्हती.

"उंच," मी म्हणाले.

लॉयड समोरच्या छपराकडे बघत राहिला. मग त्याने दुसराही डोळा मिटला.