दोनशे यार्डांची गोळी

आल्विन ऑस्टबीने आयुष्यात एकोणीस रायफली घडवल्या. शेवटची बायकोसाठी, आणि ती डाव्या खांद्याची. लव्हॉन मुळात डावखुरी नव्हती. दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेत तिचा उजवा स्तन काढला, आणि त्या बाजूला दस्ता टेकवणं कायमचं संपलं.

जूनमध्ये आजार हाडांत उतरल्याचं कळलं. डॉक्टर पुढच्या वर्षाबद्दल काहीच बोलले नाहीत.  परतीच्या वाटेवर डोंगर दिसायला लागले तेव्हा लव्हॉन म्हणाली, "या नोव्हेंबरात मला एक एल्क हवीय. एकच. पण जागच्या जागी पडलेली."

एल्क म्हणजे आमच्या डोंगरातलं घोड्याएवढं हरीण. चाळीस वर्षं ती शिकारीला जात होती. या चाळीस वर्षांत तिच्या हातून एकही जनावर जखमी होऊन रानात हरवलं नव्हतं. मोंटानातल्या आमच्या खोऱ्यात असं छातीवर हात ठेवून सांगू शकणारे पुरुष फार नाहीत, आणि जे सांगतात त्यांच्यावर त्यांच्या बायका विश्वास ठेवत नाहीत.

आल्विन तीस वर्षं टपाल वाटत फिरला होता. बोलायची त्याला फारशी सवय नव्हती. तिचं वाक्य ऐकून तो शेडमध्ये गेला आणि अक्रोडाचा ठोकळा खाली काढला. उन्हाळाभर तो तिला मधूनच बोलावून घ्यायचा, दस्ता तिच्या गालाला लावायचा, पेन्सिलीने खूण करायचा आणि पुन्हा तासायला बसायचा. नळी त्याने जरा लांब ठेवली, म्हणजे खांद्याला कमी धक्का देणारी हलकी गोळीसुद्धा जोरात जाईल.

"माझं शवपेटीचं माप घेतोयस की काय?" लव्हॉनने एकदा विचारलं.

"हलू नकोस," आल्विन म्हणाला.

रायफल सप्टेंबरात तयार झाली. पण रायफल झाली म्हणजे काम संपत नाही. प्रत्येक नव्या नळीची आपली आवड असते. तिला कुठली गोळी मानवते ते एकेक मारूनच कळतं. आल्विनने दोन निवडल्या. एक शंभर ग्रेन वजनाची, पातळ तांब्याच्या कवचाची. दुसरी एकशेवीसची, जाड कवचाची, हाड फोडून पुढे जाणारी. ग्लेन पेडरसनच्या कुरणामागे त्यांनी नेमासाठी कागद लावले. ग्लेन खोऱ्यातला कसाई. सगळ्यांच्या शिकारी त्याच्याकडेच कापायला येत, त्यामुळे कुठली गोळी मांसात काय करते हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

हलक्या गोळीची तीन भोकं एकमेकांत मिसळली. जड गोळीची भोकं तीन बोटं रुंद जागेत विखुरली.

"बघ," आल्विन म्हणाला. "हिला हलकीच आवडते."

"बंदुकीला आवडते. एल्कला विचारलंस?" ग्लेन म्हणाला. "कागद कापून खायचाय का तुम्हाला हिवाळाभर? तीन बोटं म्हणजे पुष्कळ झालं. फुप्फुस केवढं असतं, दाखवू का आणून?"

"जडच घे," लव्हॉन म्हणाली. तिने चार जड गोळ्या मारल्या. चौथीनंतर रायफल मांडीवर ठेवून ती थोडा वेळ डोळे मिटून बसली.

"झेपतेय?" आल्विनने विचारलं.

"झेपतेय."

संध्याकाळी तिच्या सदऱ्याची बटणं सोडताना आल्विनने तिचा खांदा पाहिला. गळ्याखालच्या हाडापासून काखेपर्यंत जांभळं पडलं होतं. 

दुसऱ्या दिवशी त्याने वर्तमानपत्रांचे गठ्ठे पाण्यात भिजवले आणि दोनशे यार्डांवरून त्यांत हलकी गोळी मारली. गोळी वीतभर आत जाऊन अळंबीसारखी फुलली होती, एक कणही न सांडता. त्याने ती ग्लेनला नेऊन दाखवली.

"छान आहे," ग्लेन म्हणाला. "आता तीस पावलांवरून एक मार. एवढ्या वेगाची गोळी जवळून कशी वागते ते बघ."

"कशाला? तिला मी कुरणाच्या वरच्या कडेला बसवणार. एल्क खालच्या ओढ्याकडून येतात, वीस वर्षं तिथूनच येतायत. दोनशे यार्ड, एक पाऊल इकडे नाही की तिकडे नाही."

"एल्कना सांगून ठेवलंयस ना?"

आल्विन हसला आणि घरी येऊन त्याने वीस काडतुसं भरली. लव्हॉनने विचारलं, "जडवाल्याच भरल्यास ना?"

"तुझ्या बंदुकीला मानवतात त्या भरल्या," तो म्हणाला.

नोव्हेंबरच्या आठ तारखेला घोट्याइतका बर्फ होता. गाडीपासून कुरणाच्या कडेपर्यंत तीनशे पावलं, ती तिने सहा वेळा थांबून पार केली. आल्विनने तिला एका फर झाडाच्या बुंध्याला टेकून बसवलं, गुडघ्यांवर घोंगडी टाकली, रायफलीखाली गाठोडं ठेवलं. खालचं कुरण उजाडत गेलं. तिथे काहीच आलं नाही.

नऊच्या सुमाराला डावीकडच्या झाडीत फांदी मोडली. एक एल्क मादी, एकटीच, वारा पाठीवर घेत त्यांच्या दिशेने चालत आली आणि तिरपी उभी राहिली. पंचवीस पावलं असतील. तिच्या नाकातली वाफ दिसत होती. लव्हॉनने आल्विनकडे पाहिलं. त्या क्षणी त्याला मान हलवून नाही म्हणता आलं असतं. एवढ्या जवळ आहे, चुकणार कशी, असंच त्याच्या मनात आलं, आणि त्याने होकार दिला.

नेम अचूक होता. गोळी खांद्यावर बसली. एल्क गुडघ्यावर आली, उठली, आणि तीन पायांवर झाडीत शिरली.

"पडेल," आल्विन म्हणाला. "थांबूया जरा."

 रायफलीचा बोल्ट मागे ओढलेला, दुसरं काडतूस हातात, लव्हॉन झाडीकडे बघत होती.

तिला गाडीत बसवून आल्विन माग काढत गेला. सुरुवातीला रक्त होतं, मग थेंब, मग नुसता एका पायाचा ओरखडा. ओढ्यापलीकडे तो माग चाळीसेक जनावरांच्या वाटेत मिसळून गेला. दुपारी ग्लेन आला. जिथे गोळी लागली त्या जागी तो वाकला आणि बर्फातून वाटाण्याएवढी हाडाची कपची उचलली, मग तांब्याचा एक चुरगळलेला तुकडा.

"हाडावरच फुटली," तो म्हणाला. "आत गेलीच नाही. नुसता खांदा मोडलाय, आल्विन. मरायला तिला दिवस लागतील."

पुढचे दोन दिवस आल्विन आणि ग्लेन मेल्या जनावरावर जमणाऱ्या कावळ्यांवर नजर ठेवून ओढे पालथे घालत राहिले. दुसऱ्या दिवशी नवा बर्फ पडला.

तिसऱ्या संध्याकाळी दोघं घरी आले तेव्हा लव्हॉन स्वयंपाकघरात बसली होती. समोर शेडमधला छोटा काटा होता. उरलेल्यांपैकी एका काडतुसातली गोळी उपसून तिने पारड्यात ठेवली होती.

"शंभर," ती म्हणाली.

आल्विन दारातच थांबला. "तुझा खांदा पाहिला होता मी."

"मीही पाहिला होता. आरशात रोज काय काय बघते, त्यात एक काळानिळा डाग जास्त! खांदा माझा होता. मला विचारायचं होतंस."

"तू जडच म्हणाली असतीस."

"हो. म्हणूनच विचारलं नाहीस."

ग्लेनने घसा साफ केला. "लव्हॉन, हंगामाचे अजून अठरा दिवस आहेत. जडवाल्या घेऊन पुन्हा जाऊ. मी पाठुंगळीवर नेतो तुला, माझी बायको काय म्हणायचं ते म्हणू दे."

ती हसली नाही. तिने खिशातून परवान्याची चिठ्ठी काढली. जनावर पडलं की तिच्यावरचा महिना आणि तारीख चाकूने कापायची आणि ती पायाला बांधायची. मग त्या माणसाचा हंगाम संपला. हरवलेल्या जनावरासाठी चिठ्ठी कापावी असं कायदा म्हणत नाही. लव्हॉनने भाजीची सुरी घेतली. महिना नीट कापला गेला. आठाच्या आकड्याशी कागद फाटला.

"माझी झाली," ती म्हणाली.

त्या हिवाळ्यात ऑस्टबींकडे एल्कचं मांस शिजलं नाही. शेजारीपाजारी घेऊन आले, तिने दारातूनच आभार मानून परत पाठवलं. ती दोघं घेवडा आणि बटाटे खात राहिली. आल्विन रोज सकाळी गाडी काढायचा आणि दुपारी बुटांवर बर्फ घेऊन परतायचा. कुठे गेला होतास, असं तिने विचारलं नाही.

मार्चमध्ये ती गेली. दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. खोऱ्यातल्या बायकांनी घरून भांडी भरून आणली होती आणि ग्लेनने एल्कच्या रश्श्याचं मोठं पातेलं. आल्विन रांगेत सगळ्यांत पुढे होता. त्याने बटाटे घेतले, पाव घेतला. पातेल्यापाशी ग्लेनने डाव वर उचलला. आल्विनने ताट छातीशी धरलं आणि पुढे सरकला.