पायलटसाठी ओवलेला हार

झेंडूचा वास आला की मला आमच्या गावचं, सानगडीचं ते मैदान आठवतं. पोराला हेलिकॉप्टर चालवायचं लायसन मिळालं, असं बाबा गावभर सांगत सुटले तेव्हा शेजारचे काका म्हणाले होते, "लायसन त मायापाशीबी हाय, ट्रॅक्टरचं." त्यामुळे प्रचारसभेसाठी एका पुढाऱ्याला घेऊन मीच गावात उतरणार हे कळताच बाबांनी परसातला सगळा झेंडू तोडून माझ्यासाठी हार ओवला आणि काकांनाही ओढत मैदानावर आणलं. मी उतरलोही थाटात, धानाची वाळकी तणीस, पेंढा उधळत, अख्ख्या गावाला डोळे मिटायला लावत. पण पंखे थांबेपर्यंत पायलटला जागा सोडता येत नाही. पुढारी आधी उतरले, बाबांच्या हातातला हार त्यांनी पाहिला आणि सवयीनं मान झुकवली. बाबा क्षणभर काचेतून माझ्याकडे पाहत राहिले, मग त्यांनी हार त्या गळ्यात घातला. टाळ्या पडल्या. "काहून घातला, बाबा?" मी नंतर विचारलं. "का करू बापू, येवढ्या मोठ्या मानसानं मान वाकवली, त नाई कसं म्हनू?" आता बाबा नाहीत. भिंतीवर त्यांचा तेवढाच एक चांगला फोटो आहे, पुढाऱ्याला हार घालतानाचा, आणि घरी आलेला प्रत्येक पाहुणा मला विचारतो, तुमचे बाबा कोणत्या पक्षाचे होते?