रिकाम्या जागेवरची हजेरी

आमच्या तालुक्याच्या गावात नगरपालिकेच्या तीन शाळा होत्या आणि मला माझ्या पत्रकात त्यांची तुलना छापायची होती. एक नंबरला बाकं, नकाशे, पृथ्वीचा गोल. ओढ्यापलीकडच्या तीन नंबरला गळकं छप्पर आणि एक फळा. तरी चौथीचा निकाल तीन नंबरचाच चांगला. मग शाळा मंडळ पैसा कुणाच्या तोंडाकडं बघून वाटतं? हे मला पत्रकात ओरडून विचारायचं होतं. मला तेव्हा येतही तेवढंच होतं.

दुष्काळ नुकता सरलेला. निम्मी घरं कुलूप लावून सोनं गाळायच्या दुकानांवर परमुलखात गेलेली. भर दुपारी मी तीन नंबरात गेलो, तर बाई हजेरी घेत होत्या आणि प्रत्येक नावाला "हजर" येत होतं. मी वळून पाहिलं. बसकरपट्टीवर निम्म्या जागा रिकाम्या, आवाज तिथूनच. एक घोगरा, एक किनरा, एक तर तोतरा. कुणाचे ओठ हलताना दिसेनात. रिकाम्या जागेपुढं पाटी, तिच्यावर आजची तारीख.

मी विचारलं, "कोण बोललं?"

पुढची पोरगी म्हणाली, "त्योच की. तुमाला दिसंना व्हय?" सगळा वर्ग फिदीफिदी हसला.

बाईंनी मला पडवीत नेलं. "जाताना पोरं सांगून गेलीत, आमची जागा धरा म्हणून. शेजारच्याचा आवाज प्रत्येकाला काढता येतो. पट घटला की मंडळ शाळा मोडणार. तू छपराचं लिही. हजेरीचं नको रं बाबा."

मी हजेरीचंही लिहिलं. खोटं मला खपत नसे. 'निम्मा वर्ग परागंदा, मंडळ झोपेत!' असा मथळाच दिला.

मंडळाच्या कारकुनानं पत्रक फायलीला लावलं. "लय काम केलंस गड्या. आमी पुरावा हुडकत हुतो, तू छापूनच दिलास."

शाळा मोडली. उरलेली पोरं एक नंबरात मागं बसवली. राहवेना म्हणून एकदा बघायला गेलो. गुरुजींनी हजेरी संपवून वही मिटली, आणि मागून कुणी न पुकारलेल्या नावांचं "हजर" सुरू झालं. एकेक करून. घोगरा. किनरा. तोतरा.

"कोण आहे रे?" गुरुजी ओरडले. मग त्यांनी मला विचारलं, "कोण बोलतंय हो?"

मागची पोरं माझ्याकडं बघत होती.

"तीच की," मी म्हणालो.