सुमनबाईंचा स्पीकरवरचा हात

ऐक गं मयुरे, फोन ठेवू नकोस. दीड महिना झाला, बारडोलीहून कोसाडला यायची वाट विसरलीस होय? मोठी आजी होती तेव्हा दर रविवारी यायचीस. सुमनबाई माझ्या थोरल्या जाऊबाई; तुझी सख्खी आजी मी... पण कुणा पोरांनी घरच्या घरी रेकॉर्ड केलेला नवा रॅपचा अल्बम आला, की तू माझं दार ओलांडून थेट तिच्या खोलीत!

सुमनबाई गेल्याचं कळलं तेही तुझ्या फोनमुळेच. "आजी, मोठी आजी फोन उचलत नाही, बघ ना." मला आधी रागच आला. त्यांनी उचलला नाही म्हणून माझी आठवण! तव्यावरची पोळी नीट भाजून मग गेले. त्या खाटेवर निजल्यासारख्या होत्या... स्पीकर चालूच होता.

लूमच्या कारखान्यात बॉबिन भरता भरता त्यांचे कान मंदावले. पण धागा कुठे तुटला ते हाताखालच्या थरथरीवरून कळायचं. तुझी गाणीही तशीच ऐकायच्या, स्पीकरवर तळवा ठेवून. गाड्या आणि सोन्याच्या चेनींची बढाई मारणाऱ्या त्या पोराचं ऐकून आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "हाऊ खोटं बोली राहिना. चौथ्या गाण्यात माय उनी, तव्हय खरा बोलना." आईचं नाव आलं तिथेच पोरगा खरं बोलला, म्हणे. तू वहीत लिहून घेतलंस! एक अक्षर न वाचलेली ती बाई. किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरची अक्षरं जुळवत वाचायला शिकले ती मी. मला विचारलंस तर मी म्हणाले, "छान आहे." तू हसलीस, "आजी, तने नहीं समजाय!" गुजरातीत म्हटलं म्हणून काय कमी टोचतं?

हो, जळत होते मी. खोटं कशाला बोलू? तुम्हा दोघींचं हसू भिंतीतून यायचं आणि मी इकडे भांडी जोरात आपटायचे.

आता तो लाल स्पीकर माझ्याकडे आहे. पिठाच्या डब्यावर ठेवलाय, त्यांनी ठेवला होता तसाच. त्या गेल्या त्या दिवशी अर्धवट राहिलेला अल्बम, तो एका रॅपवाल्या मुलीचा, मी रोज दुपारी लावते. आधी नुसती हाताला गुदगुली व्हायची. मग परवा, पाचव्या गाण्यात, ती मुलगी गाता गाता एका जागी थांबते ना... तिथे माझा हात आपोआप उचलला गेला. सुमनबाईंना ते थांबणं आवडलं नसतं; हाताखालची थरथर गेली म्हणजे त्यांच्या लेखी धागाच तुटला. मला आवडलं. का, ते फोनवर सांगणार नाही.

वही घेऊन ये. या रविवारीच ये.