संजूच्या मशीनमधला व्हायरस

ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांनी ऐकली आहे — माझ्याच तोंडून, पोट धरून हसत. खरी मात्र कुणीच ऐकलेली नाही. बायकोनंही नाही.

तेव्हा पेन ड्राइव्ह नवे नवे आले होते. घनसावंगीत माझा कॉम्प्युटर क्लास होता. चपला दाराबाहेर काढायच्या — धुळीसाठी. पण पोरांना वाटायचं, व्हायरस चपलांतून येतो, आणि मीही ते खोडून काढत नसे. शेजारच्या गाळ्यात माझा मेहुणा संजू, त्याचा फोटो स्टुडिओ. त्याच्या कॉम्प्युटरवर विंडोज, माझ्या कॉम्प्युटरवर लिनक्स — विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम. रोज चहावर भांडण. मी म्हणायचो, तुझं विंडोज म्हणजे कडी नसलेलं दार. तो म्हणायचा, "अन् तुमच्या लिनक्सला इतकी कुलपं, की मालकच बाहेर झोपून राह्यला, दाजी!"

खरं सांगू? माझ्या मशीनवर ते लिनक्सही दुसऱ्यानंच टाकून दिलं होतं.

मग सासरे गेले — अचानक. कॅमेरा दिसला की ते काठीसारखे ताठ व्हायचे. पण मेहुणीच्या लग्नात संजूनं त्यांना नेमकं पकडलं होतं — फेटा तिरपा, तोंडभर हसू. कॅमेऱ्याचं कार्ड पुसून झालेलं, फोटो फक्त मशीनमध्ये. तेरवीला तोच लावायचं ठरलं. संजू जालन्याला फ्रेम आणायला गेला, स्टुडिओची किल्ली माझ्या हातात देऊन.

मी स्टुडिओ उघडला. मशीन अडखळत चालत होती. मला वाटलं — काय वाटलं? की तो येईपर्यंत विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवून ठेवावं. घरात सुतक, आणि मला वाद जिंकायचा होता!

पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला. मी वाचला नाही — शिकवणारा माणूस मी, वाचतोय कशाला? 'हो' दाबलं. पट्टी सरकत राहिली. अर्ध्यावर लक्षात आलं. ते शेजारी बसत नव्हतं. आख्खी डिस्क पुसून बसत होतं.

संजू आला. मी म्हणालो, "कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून व्हायरस आल्ता. समदं खाल्लं. मी लिनक्स टाकून मशीन तेवढी वाचवली." — इतकं सफाईदार मला कसं सुचलं? तो रिकामी फ्रेम धरून उभा राहिला. मग म्हणाला, "तुमी होते म्हून मशीन तरी वाचली, दाजी."

संध्याकाळी त्यानं सासूबाईंचे पाय धरले. चूक माझी झाली, म्हणाला. मी तिथंच बसलो होतो — हातात चहा घेऊन.

लोकांचे फोटो सांभाळायची त्याला नंतर भीतीच बसली. स्टुडिओ मोडला; आता शहागडच्या रस्त्याला जीप चालवतो. त्या फ्रेममध्ये सासऱ्यांचा रेशन कार्डावरचा फोटो मोठा करून लावलाय. काठीसारखा ताठ.

परवा संजूच्या मुलीचं बारसं झालं. जेवणं उरकली, आणि त्यानंच फर्माईश केली, "दाजी, ते व्हायरसचं सांगा ना." सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, फोटोच्या बरोबर खाली.

मी सांगितलं. नक्कल करून सांगितलं. 'कडी नसलेलं दार' म्हणालो, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं संजूच हसला.